‘वास्तुविशारदाचं स्वप्न’ : १८४० सालच्या एका चित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका लहानशा खोलीत आम्ही पंधरा-वीस जण रविवारी सकाळी जमतो आणि भिंतीवर एकच चित्र लावून दीड तास त्याच्याकडे पाहतो. कुणी वास्तुकला शिकतं, कुणी बँकेतून निवृत्त झालं आहे, दोन गृहिणी आहेत, एक जण पुलांचे हिशेब करणारा अभियंता आहे. मी शाळेत चित्रकला शिकवत होते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात. थॉमस कोल या चित्रकाराच्या ‘द आर्किटेक्ट्स ड्रीम’ या चित्रावर आम्ही सलग पाच रविवार घालवले. त्या वेळी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे देते आहे. नवीन येणाऱ्यांनी ही वाचून यावं, पण त्याआधी चित्र एकदा डोळे भरून पाहावं.

चित्रात आहे तरी काय?

एका अवाढव्य स्तंभाच्या माथ्यावर, भल्यामोठ्या पुस्तकांच्या चळतीवर एक माणूस रेलला आहे. तो वास्तुविशारद. त्याच्यासमोर पाणी पसरलं आहे आणि पाण्यापलीकडे माणसाने हजारो वर्षांत बांधलेलं जणू सगळं एकाच नजरेत उभं आहे. अगदी मागे धुक्यात विरत चाललेला पिरॅमिड, त्याच्या अलीकडे इजिप्तचं मंदिर, मग ग्रीक मंदिरांच्या खांबांच्या रांगा, रोमन जलवाहिनीच्या कमानी. हे सगळं सोनेरी उजेडात न्हालेलं. डावीकडे मात्र, आपल्या बाजूच्या काठावर, गर्द झाडांत बुडालेलं टोकदार मनोऱ्याचं गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या शैलीचं, चर्च आहे आणि ते सावलीत आहे. दोन्ही कडांना नाटकाच्या रंगमंचासारखे पडदे बाजूला सारलेले.

कॅनव्हासवरचं तैलचित्र. साधारण साडेचार फूट उंच आणि सात फूट रुंद. सध्या अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो शहराच्या कला संग्रहालयात आहे. (स्पेनमधलं टोलेडो वेगळं. हा घोळ आमच्याकडे दोनदा झाला.)

पहिल्यांदा पाहताना नेमकं काय करायचं?

दहा मिनिटं गप्प बसायचं. मग फक्त नामं सांगायची: खांब, पाणी, झाड, पडदा, माणूस, पुस्तक. ‘भव्य’, ‘उदास’, ‘सुंदर’ असली विशेषणं पहिल्या फेरीत वापरायची नाहीत. हा नियम मी फार कडकपणे पाळायला लावते. विशेषण तोंडातून गेलं की डोळा थांबतो. ‘भव्य’ म्हणून टाकलं की चर्चभोवतीची झाडं चर्चच्याच आकाराची, शेंड्याला निमुळती आहेत हे कुणी पाहतच नाही. आणि ते पाहिलं नाही तर चित्राचा अर्धा अर्थ निसटतो.

चित्रातून जाणवणारा ‘भाव’ म्हणजे कुणाचा? चित्राचा, चित्रकाराचा की माझा?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि यायलाच हवा. उत्तरासाठी आपल्याला फार लांब जायची गरज नाही. आपल्या जुन्या नाट्य-काव्यशास्त्रातल्या रसचर्चेत विभावाचे, म्हणजे भाव जागवणाऱ्या कारणांचे, दोन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्या आधाराने भाव उभा राहतो ते आलंबन आणि ज्यामुळे तो भाव चेततो ते उद्दीपन. नायिका आलंबन असेल तर चांदणं, पाऊस, कोकिळा ही उद्दीपनं. ही विभागणी नाटक आणि काव्यासाठी आहे हे मला माहीत आहे, पण इमारतींच्या चित्राला ती इतकी चपखल बसते की मी ती बिनदिक्कत वापरते.

कोलच्या चित्रात आलंबन कोण? बहुतेक जण पटकन ‘मंदिरं’ म्हणतात. मला तो स्तंभावरचा माणूस वाटतो. मंदिरं, धुकं, कलती उन्हं, काळी झाडं हे सारं त्या एका माणसाच्या मनात जे चाललं आहे ते चेतवण्यासाठी मांडलेलं आहे. विस्मय हा स्थायी भाव, म्हणजे मनात टिकून राहणारा मूळ भाव, धरला तर रस अद्भुत. पण त्या अद्भुताच्या कडेने करुणाची एक बारीक रेघ जाते, आणि ती कुठून येते हे शोधण्यातच आमचे तीन रविवार गेले.

तेव्हा भाव कुणाचा? चित्रकार त्याची मांडणी करतो, पण तो उमलतो पाहणाऱ्याच्या मनात. असा भाव झेलणाऱ्या रसिकाला सहृदय म्हणतात, तो शब्द आपल्याकडे उगाच नाही.

हा भाव इमारतींतून येतो की उजेडातून?

माझ्या मते बाराआणे उजेडातून. याचा पडताळा नागपुरात घेणं अगदी सोपं आहे. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीसमोर मे महिन्यात दुपारी एक वाजता उभं राहून पाहा. पारा ४५ च्या आसपास, सूर्य डोक्यावर, सावली घुमटाच्या पायाशी आकसलेली. घुमट कापून चिकटवल्यासारखा सपाट दिसतो, दगडाला वजनच राहत नाही. तीच इमारत जुलैत पाऊस थांबल्यावर संध्याकाळी पाहा. उन्हाची तिरीप एका अंगाला लागते, दुसरं अंग निळसर होतं आणि घुमट फुगल्यासारखा, श्वास घेतल्यासारखा दिसायला लागतो. दगड तोच, नकाशा तोच.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने हीच गोष्ट आयुष्याच्या ऐन भरात हट्टाने करून पाहिली. १८९२ आणि १८९३ मध्ये रुआँ शहरातल्या कॅथेड्रलसमोर, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चसमोर, जागा मिळवून त्याने त्या एकाच दर्शनी भिंतीची तीसहून अधिक चित्रं रंगवली. त्यातली वीस १८९५ मध्ये पॅरिसमध्ये एकत्र मांडली गेली. सकाळचं कॅथेड्रल निळं, दुपारचं जवळजवळ पांढरं, संध्याकाळचं तांबूस. आपल्याकडे रागांना प्रहर असतात. भैरवाचे आणि मारव्याचे सूर ऐकताना वेळ कानाला कळते. मोनेने एका इमारतीचे प्रहर रंगवले.

कोलच्या चित्रातला प्रहर कोणता? उजवीकडचं ऊन मधासारखं आहे, लांबचं सगळं धूसर झालं आहे, चर्चमागचं आकाश उजळ आणि चर्च काळं. मला ही संध्याकाळ वाटते. आमच्यातले अभियंता भाऊ पहाट म्हणतात. पहाट मानली तर चित्र आशेचं होतं, संध्याकाळ मानली तर निरोपाचं. ‘स्वप्न’ हा शब्द दोन्हीकडे झुकतो. माझा कौल संध्याकाळीला, कारण मागच्या पिरॅमिडवर जे धुकं आहे ते वितळताना दिसत नाही, साचताना दिसतं.

चर्च अंधारात आणि मंदिरं उजेडात, असं का? चित्रकाराला धर्म नकोसा होता का?

नाही, उलटच. कोलचा जन्म १८०१ मध्ये इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात झाला, १८१८ मध्ये तो कुटुंबाबरोबर अमेरिकेत गेला आणि पुढे निसर्गचित्रांच्या ज्या परंपरेला हडसन रिव्हर स्कूल म्हणतात तिचा तो जनक ठरला. वय वाढलं तसा तो अधिकाधिक श्रद्धाळू होत गेला. त्यामुळे ‘काळं म्हणजे वाईट’ हे गणित इथे लावू नका. सिनेमाच्या पोस्टरचं गणित आहे ते.

काळोखाकडे जरा थांबून पाहा. चर्चचा मनोरा आणि भोवतालची झाडं एकाच जातीची दिसतात, जणू चर्च जमिनीतूनच उगवलं आहे. ग्रीक मंदिरांजवळ असं काही नाही. तिथे खांबांची रांग आहे, मापं आहेत, माणसाची बुद्धी आहे. गॉथिक वास्तू रानातून आली, तिच्या कमानी म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या फांद्या, ही कल्पना त्या काळच्या युरोपात चांगलीच रुजलेली होती. मग डावीकडे गूढ आणि श्रद्धा, उजवीकडे तर्क आणि प्रमाण, अशी दोन टोकं दिसू लागतात. चर्च आपल्या काठावर आहे, म्हणजे काळानेही जवळचं. बाकीचं पाण्यापलीकडे, गेलेलं.

यात एक बारकावा आहे तो मला सगळ्यांत आवडतो. गाभारा अंधारा असतो म्हणून आपण देवळाला अशुभ म्हणत नाही. रामटेकच्या गडावर भर दुपारी रामाच्या देवळात शिरताना डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी येते, मग समईचा उजेड दिसतो आणि मूर्ती दिसते. तो क्षणभराचा काळोख हा दर्शनाचाच भाग आहे. ज्यांनी असा गाभारा अनुभवला आहे त्यांना कोलचं चर्च समजावून सांगावं लागत नाही.

तुलनेसाठी कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं ओकच्या राईतल्या मठाचं चित्र जरूर पाहा. १८०९-१० मधलं आहे, बर्लिनला असतं. ग्राइफ्सवाल्डजवळच्या एल्डेना मठाच्या अवशेषांवरून त्याने ते रचलं. तिथेही गॉथिक भिंत आणि झाडं आहेत, पण झाडं निष्पर्ण, जमिनीवर बर्फ आणि काही साधू एक शवपेटी पडक्या दारातून नेताहेत. गॉथिक तेच, पण त्या चित्रात थंडी हाडांत शिरते.

मला या चित्राची भीती वाटते. माझं चुकतंय का?

याचं उत्तर मला एका विद्यार्थिनीने शिकवलं आणि त्यासाठी माझ्याकडून तिच्यावर अन्याय झाला. खूप वर्षांपूर्वी मी वर्गात या चित्राची छापील प्रत दाखवली आणि फळ्यावर लिहून टाकलं: विषय, वास्तुकलेचा गौरव. सातवीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, मले तर भेव वाटते. तो मानूस मेला हाय का?” मी तिला बसवलं. म्हटलं, नाही बाळ, तो स्वप्न पाहतो आहे, शीर्षक वाच.

पुढे मोठी, स्वच्छ प्रत हाती आली तेव्हा मी त्या स्तंभाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या दर्शनी बाजूवर अक्षरं आहेत, दगडात कोरल्यासारखी. हे चित्र टी. कोलने रंगवलं, वास्तुविशारद आय. टाउनसाठी, १८४०. स्तंभावर आडवा माणूस आणि खाली कोरलेलं नाव व साल. अशी रचना आपण कुठे पाहतो? समाधीवर.

शिवाय कोलच्या हाताला स्तंभ म्हटलं की काय आठवत असेल? १८३३ ते १८३६ या काळात त्याने एका साम्राज्याच्या उदयास्ताची पाच चित्रं केली होती. शेवटच्या चित्रात सगळं नगर उद्ध्वस्त झालं आहे, चंद्र वर आला आहे आणि एक मोठा स्तंभ एकटाच उरला आहे. चार वर्षांनी त्याने वास्तुविशारदाला निजवलं तेही एका एकट्या स्तंभावरच.

त्या मुलीने यातलं काहीही वाचलं नव्हतं. तिने फक्त पाहिलं होतं. म्हणून भीती वाटली तर ती दाबू नका. ती चित्रातल्या कोणत्या जागेतून येते हे बोट ठेवून दाखवा.

हा टाउन कोण? त्याला चित्र आवडलं नाही म्हणे?

इथिएल टाउन हा अमेरिकेतला नामांकित वास्तुविशारद. लाकडी फळ्यांच्या जाळीचा पूल बांधायची युक्ती त्याने काढली आणि १८२० मध्ये तिचं पेटंट घेतलं. आमच्या अभियंता भाऊंचा चेहरा हे ऐकून जो उजळला तो पाहण्यासारखा होता. टाउनकडे वास्तुकलेवरच्या पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि चित्राच्या मोबदल्याचा काही भाग तो पुस्तकांच्या रूपात देणार होता. चित्रातला तो पुस्तकांचा ढीग पुन्हा पाहा. आता तो नुसता प्रतीकाचा ढीग राहत नाही.

टाउनला हवं होतं निसर्गचित्र. हातात पडल्या इमारतीच इमारती. त्याने चित्र नाकारलं, कोल दुखावला आणि चित्र चित्रकाराकडेच राहिलं. मला दोघांचीही बाजू कळते. टाउनने न्यू हेवन गावात गॉथिक चर्चही बांधलं होतं आणि ग्रीक धाटणीच्या इमारतीही. जो माणूस दिवसभर हेच करतो त्याला संध्याकाळी भिंतीवर डोंगर-नदी हवी असणार. पण कोलने त्याच्या मनातली दुविधाच त्याच्यासमोर मांडली: इतक्या शैली समोर आहेत, सगळ्या पुस्तकांत सापडतात, तर तुझी स्वतःची कोणती? एकोणिसाव्या शतकातल्या वास्तुविशारदाला याहून बोचरा प्रश्न नव्हता. आणि कोलला तो परका नव्हता. ओहायो राज्याच्या विधानभवनासाठी झालेल्या स्पर्धेत त्याने स्वतः आराखडा पाठवला होता आणि त्याला तिसरं बक्षीस मिळालं होतं.

पडद्यांचं काय?

पडदा बाजूला सारलेला आहे, म्हणजे तो पुन्हा पडणार आहे. मला यापलीकडे काही म्हणायचं नाही.

जगभरातल्या शैली आहेत, मग आपलं एकही देऊळ का नाही?

हा प्रश्न एका काकूंनी विचारला आणि त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

कोलला भारतीय वास्तू पाहायला मिळाल्याच नसत्या असं नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी भारतभर फिरून केलेल्या देवळा-किल्ल्यांच्या चित्रांचे मोठे संच १७९५ ते १८०८ दरम्यान लंडनमध्ये छापून आले होते. पण तेव्हाच्या पाश्चात्त्य मनातली वास्तुकलेची वंशावळ ठरलेली होती: इजिप्त, ग्रीस, रोम, मग गॉथिक. भारत तिच्या फांद्यांत बसत नव्हता. भारतीय वास्तुकलेचा सलग इतिहास लिहिण्याचं जेम्स फर्ग्युसनचं मोठं काम १८७६ चं, म्हणजे चित्रानंतर छत्तीस वर्षांनी.

म्हणून चित्र पाहताना ‘काय आहे’ याइतकंच ‘काय नाही’ हेही विचारावं. १८४० मध्ये इथे नागपुरात तिसरे रघुजी भोसले गादीवर होते आणि महाल या जुन्या वस्तीत कोरीव सागवानी खांबांचे वाडे नांदते होते. त्या स्वप्नात आपण नव्हतो, पण आपण जागे होतो. हे दुःख मानायचं की नुसती नोंद, यावर आमच्यात एकमत नाही. मला थोडं दुःख होतं, आणि चित्र तरीही आवडतं.

आधी चित्रकाराचं चरित्र वाचावं की आधी चित्र पाहावं?

आधी चित्र. चरित्र आधी वाचलं तर आपण पुरावे गोळा करत बसतो.

मग कोणताही अर्थ चालतो का?

नाही. दोन चाळण्या लावा. पहिली: तुमच्या अर्थाला चित्रात जागा दाखवता आली पाहिजे. दुसरी: चित्रातली एखादी मोठी गोष्ट त्या अर्थाच्या आड येत असेल तर तो बदलला पाहिजे. ‘हे चित्र म्हणजे वास्तुकलेचा विजय’ हा माझा जुना अर्थ पहिल्या चाळणीतून निघतो, दुसरीत अडकतो, कारण समाधीसारखा स्तंभ त्याच्या आड येतो. एकाने सुचवलं, हा माणूस परग्रहावर आहे. त्याला जागा दाखवता आली नाही. दुसरीने सुचवलं, पाणी म्हणजे काळ आणि पलीकडे जायला पूल दिसत नाही. हा अर्थ मला आजवर सुचला नव्हता आणि आता तो चित्रापासून वेगळा करता येत नाही. कोल वारल्यावर, १८४८ मध्ये, त्याचे कवी मित्र विल्यम कलन ब्रायंट यांनी या चित्राबद्दल फार साधं मत दिलं होतं: वास्तुशैलींवरचं पुस्तक वाचता वाचता कुणाला झोप लागावी आणि ते सारं डोळ्यांपुढे यावं, तसं हे दृश्य. इतक्या जवळच्या माणसाने असं वाचलं होतं, तेही विसरू नये.

मोबाईलवर पाहिलं तर चालेल का?

ओळख होईल. पण चर्चच्या काळोखातले तपशील मोबाईलवर बुजतात आणि ऊन भडक पिवळं होतं. मोठ्या पडद्यावर, खोलीत अंधार करून पाहा. दोन वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवल्या तर कोणत्या रंगावर विसंबायचं नाही हेही कळतं.

आम्ही वास्तुकलेचे विद्यार्थी. आम्हाला यातून काय?

तुमच्या आराखड्यात माणसाची आकृती टाकता ती इमारतीचं माप कळावं म्हणून. कोलनेही माणूस टाकला, पण ज्या खांबाच्या माथ्यावर माणूस पुस्तकं पसरून ऐसपैस रेलू शकतो तो खांब कोणत्याही मंदिरात बसणार नाही. इथे मापाचं काम भावाने केलं आहे. एकदा या चित्राचा नकाशा काढायचा प्रयत्न करा. जमत नाही हे पंधरा मिनिटांत कळेल, आणि कुठे जमत नाही ती जागा महत्त्वाची.

नागपुरात असा सराव कुठे करता येईल?

सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलपासून सुरुवात करा. झाडांआडून गॉथिक कमानी पाहायला इथे परदेशी जावं लागत नाही. मग झिरो माइलचा दगडी खांब. रोज त्याच्यावरून जातो म्हणून आपण तो पाहत नाही. संध्याकाळी साडेपाचला समोर उभं राहून त्याची सावली कुठवर जाते ते कागदावर नोंदवा. महालातला एखादा जुना वाडा, मालकांची परवानगी घेऊनच. आणि दीक्षाभूमीचा स्तूप: बाहेरून भरीव डोंगरासारखा, आत गेलं की पोकळ, आणि माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. आवाज नेमका कोणत्या पावलाला खाली आला ते लक्षात ठेवा आणि रविवारी येऊन सांगा. वही आणा, पेन्सिल आणा, खोडरबर आणू नका.